काचबिंदू: नजर 'ठीक' असतानाही रोजचं जगणं कसं बदलतं

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद): आपल्या घरांत डोळ्यांच्या दोन आजारांची नावं नेहमी एकमेकांत मिसळतात, मोतीबिंदू आणि काचबिंदू. उर्दू-दखनी बोलणाऱ्या घरांत एक 'सफेद मोतिया' आणि दुसरा 'काला मोतिया'. नाव सारखं, म्हणून उपायही सारखाच असणार असं गृहीत धरलं जातं. "अजून पिकला नाही, पिकला की ऑपरेशन करून घेऊ," हे वाक्य आम्ही कितीतरी घरांत ऐकलं आहे. मोतीबिंदूच्या बाबतीत असं थांबणं बऱ्याचदा चालून जातं, कारण ऑपरेशननंतर नजर परत येते. काचबिंदूत मात्र जी नजर गेली ती गेली. थेंब, लेझर किंवा ऑपरेशन यांपैकी कशानेही ती परत येत नाही. उपचार करायचे ते उरलेली नजर वाचवण्यासाठी.

जगात कायमचं अंधत्व आणणाऱ्या आजारांत काचबिंदू पहिल्या क्रमांकावर आहे. भारतात सुमारे १ कोटी २० लाख लोकांना तो असल्याचा अंदाज आहे. दक्षिण भारतात घरोघरी जाऊन ज्या पाहण्या झाल्या, त्यांत काचबिंदू सापडलेल्या दहापैकी नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नव्हता. पत्ता का लागत नाही, आणि पत्ता लागेपर्यंत घरात काय काय घडून गेलेलं असतं, ते या लेखात पाहू.

आजार नेमका काय आहे

डोळ्याच्या आत सतत एक पातळ द्रव तयार होतो आणि बारीक जाळीतून बाहेर पडतो. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. ही जाळी नीट काम करेनाशी झाली की द्रव साठतो आणि डोळ्यातलं प्रेशर वाढतं. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा लाखांच्या वर बारीक तंतू असतात. वाढलेल्या प्रेशरमुळे ते हळूहळू मरत जातात. साधारणपणे १० ते २१ हे प्रेशर नॉर्मल मानतात. पण या आकड्यावर सगळा भरवसा ठेवू नये. काही जणांचं प्रेशर १६-१७ असूनही नस खराब होत असते. म्हणून "प्रेशर चेक केलं, नॉर्मल आलं" एवढ्यावर तपासणी संपत नाही. नस आतून पाहावी लागते, आणि बाजूची नजर मोजणारी फील्ड टेस्ट करावी लागते.

याचे मुख्य प्रकार दोन. एक संथ, वर्षानुवर्षं चालणारा. त्यात दुखत नाही, डोळा लाल होत नाही. दुसऱ्यात द्रव बाहेर जाण्याचा कोपराच अरुंद असतो आणि कधीतरी तो एकदम बंद होतो. हा प्रकार बायकांमध्ये आणि पन्नाशीनंतर जास्त दिसतो. अचानक डोळा आणि डोकं एका बाजूने फुटेल असं दुखतं, डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. उलट्यांमुळे घरातले म्हणतात, पित्त झालं, अर्धशिशी आहे, झोप काढ. असं झोपू देऊ नका. रात्र असली तरी त्याच वेळी दवाखान्यात न्या. काही तास उशीर झाला तरी त्या डोळ्याचं मोठं नुकसान होऊ शकतं.

काळं काहीच दिसत नाही

पुस्तकांत आणि पोस्टरवर काचबिंदूचं चित्र कसं असतं? मधे स्वच्छ गोल आणि भोवती काळाकुट्ट अंधार, बोगद्यातून पाहावं तसं. हे चित्र दिशाभूल करणारं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. लंडनमध्ये ५० रुग्णांना विचारून केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकाही रुग्णाने काळा बोगदा किंवा काळे डाग दिसतात असं सांगितलं नाही. काहींना तर आपल्या नजरेत कमतरता आहे हेच जाणवत नव्हतं. बाकीच्यांनी सांगितलं ते असं: काही भाग धूसर वाटतो, काही वस्तू असूनही दिसत नाहीत.

कारण जिथून माहिती येत नाही तो तुकडा मेंदू आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो. रस्ता दिसतो, भिंत दिसते, फक्त डावीकडून येणारी मोटारसायकल दिसत नाही. ती एकदम 'कुठून तरी' समोर येते. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकतो. मधली नजर शेवटपर्यंत टिकते, त्यामुळे माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो, हिमरूच्या मागावरचे धागे ओळखतो, मोबाईलवरचा मेसेज वाचून दाखवतो. चष्म्याच्या दुकानात तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळही वाचतो. मग घरातले म्हणतात, नजर तर एकदम चांगली आहे!

म्हणून माणूस कसा वाचतो यावर जाऊ नका. तो कसा चालतो, कसा उठतो-बसतो, ते पाहा. दस्तरखानवर बाजूला ठेवलेला पाण्याचा ग्लास वारंवार सांडतो का? अर्धवट उघड्या दाराच्या कडेला कपाळ आपटतं का? जिन्याची शेवटची पायरी चुकते का? उन्हातून घरात आल्यावर काही वेळ ते उंबऱ्यातच थबकतात का? चहा ओतताना कप भरला हे उशिरा कळतं का? जमिनीवर बसलेलं लहान मूल पायात येतं का? यातली एखादी गोष्ट कधीतरी सगळ्यांकडूनच होते. तीच ती पुन्हापुन्हा व्हायला लागली, की डोळे दाखवायची वेळ झाली.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या समाजात फार बोचते. लग्नाच्या हॉलमध्ये कोणी बाजूने सलाम करतं आणि अब्बा जवाब देत नाहीत. मशिदीच्या दारात जुने स्नेही शेजारून जातात आणि ते मान वळवत नाहीत. लोक म्हणतात, पैसा आला, माणूस बदलला. अम्मीच्या हातून बरणी पडली की सून मनात म्हणते, लक्षच नसतं यांचं. खरं तर त्या बाजूचं त्यांना दिसलेलंच नसतं. स्वतःला दिसत नाही हे त्यांनाही माहीत नसतं, म्हणून ते खुलासा करू शकत नाहीत. अशा गैरसमजांत नाती बिघडतात, आणि आजाराचं नाव कळतं तेव्हा त्या शब्दांचं दोन्ही बाजूंना वाईट वाटतं.

घर आणि रस्ता

पडणं हा यातला सगळ्यात मोठा धोका. कॅनडातल्या एका लहान अभ्यासात काचबिंदू असलेले लोक वर्षभरात पडण्याचं प्रमाण इतरांच्या तिपटीहून जास्त निघालं, आणि वाहन अपघाताचं सहापटीहून जास्त. तिथले रस्ते रुंद आणि फूटपाथ मोकळे असतात. आपल्याकडे सिटी चौक, शहागंज, रोशन गेट या भागांत हातगाड्या, उघड्या नाल्या, दुकानाबाहेर आलेल्या पायऱ्या आणि उलट दिशेने येणाऱ्या गाड्या हे रोजचंच आहे. भडकल गेट किंवा पैठण गेटजवळ संध्याकाळच्या गर्दीत रस्ता ओलांडणं धडधाकट माणसालाही सोपं जात नाही. खालची नजर गेलेल्या माणसाला पायाजवळची नाली दिसत नाही, आणि फजरला जाताना अंधारात तर मुळीच नाही.

घरात जे करता येतं ते स्वस्त आहे. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी किंवा पिवळी पट्टी रंगवा. शेवटच्या पायरीची पट्टी वेगळ्या रंगाची ठेवा. न्हाणीघर, वुजूची जागा आणि जिना इथे रात्रभर छोटा दिवा राहू द्या. दार एक तर पूर्ण उघडं, नाहीतर पूर्ण बंद. पाट, तिवई, मुलांची सायकल जाण्या-येण्याच्या वाटेत नको. फिकट दस्तरखानवर गडद ताट आणि रंगीत ग्लास ठेवला की तो दिसतो, पारदर्शक काचेचा ग्लास दिसत नाही. वस्तूंची जागा वारंवार बदलू नका. दिवाळी-ईदच्या सफाईत कपाटं हलवली तर त्यांना हात धरून एकदा दाखवून आणा.

मशिदीच्या कमिट्यांनाही आमची विनंती आहे. पायऱ्यांच्या कडा रंगवून घ्या, चपला दारातच पसरू देऊ नका, फजर आणि इशाच्या वेळी बाहेरचा दिवा चालू ठेवा. एका डबा रंगाच्या खर्चात कित्येक वृद्धांची कंबर वाचेल.

गाडी चालवण्याचा प्रश्न नाजूक आहे. रिक्षा किंवा टेम्पोवर ज्यांचं घर चालतं त्यांना "चालवू नका" सांगणं सोपं, ऐकणं अवघड. तरी हे लपवून चालणार नाही, कारण मागे प्रवासी बसलेले असतात. फील्ड टेस्टचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना सरळ विचारा: मी गाडी चालवू शकतो का? दिवसा चालेल का, रात्री चालेल का? सुरुवातीच्या टप्प्यात बऱ्याच जणांना चालवता येते. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत मशीनवर काम करणाऱ्यांनीही हाच प्रश्न विचारावा, आणि शिफ्ट बदलली की थेंबांची वेळ कशी सांभाळायची तेही.

मनाचं काय

"काचबिंदू आहे" हे ऐकल्यावर बहुतेकांच्या कानात एकच शब्द घुमतो, आंधळेपण. झोप उडते. घरातल्यांवर ओझं होऊ अशी भीती बसते. मग बाहेर जाणं कमी होतं, लग्नाला न जायची कारणं काढली जातात, जमातीची नमाज सुटते. काचबिंदूच्या रुग्णांत चिंता आणि उदासी जास्त आढळते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे याला 'वय झालं' म्हणून सोडून देतात. कुराणची तिलावत करताना ओळ सुटते, एक ओळ गाळून डोळा पुढच्या ओळीवर जातो, याचंही अनेकांना फार वाईट वाटतं आणि ते कोणाला सांगत नाहीत. मोठ्या अक्षरांचा मुस्हफ, मागून येणारा चांगला उजेड, आणि ओळीखाली ठेवायला गडद पट्टी, एवढ्याने पुष्कळांचं वाचन सुरू राहतं.

खरी गोष्ट अशी की वेळेवर निदान झालं आणि थेंब नियमित घातले, तर बहुतेक रुग्णांची कामापुरती नजर आयुष्यभर टिकते. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की प्रेशर एक अंकाने जरी कमी झालं तरी आजार वाढण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. हे रुग्णाला एकदा नाही, पुन्हापुन्हा सांगावं लागतं. निराश माणूस थेंब सोडून देतो, आणि थेंब सुटले की नजर जाते.

थेंब: रोजची परीक्षा

तापाची गोळी घेतली की ताप उतरतो, ते कळतं. काचबिंदूचा थेंब घातल्यावर काहीच सुधारलेलं जाणवत नाही. उलट डोळा चुरचुरतो, लाल होतो, काही थेंबांनी पापणीभोवतीची कातडी काळवंडते. वर दर महिन्याचा खर्च. म्हणून लोक दोन-तीन महिन्यांत बंद करतात. खर्च झेपत नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, स्वस्त पर्याय असतात. टिमोलॉलसारखं जुनं औषध जेनेरिकमध्ये कमी दरात मिळतं. मात्र दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर टिमोलॉल धोक्याचं ठरू शकतं, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दम्याबद्दल सांगायलाच हवं. ज्यांना थेंब परवडत नाहीत किंवा पुरत नाहीत त्यांच्यासाठी लेझर आणि ऑपरेशन हे मार्ग आहेत.

थेंब घालायची पद्धतही बघा. हात धुवा, खालची पापणी ओढा, एकच थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. तिथे एक बारीक नळी असते जी नाकातून घशाकडे जाते. ती दाबली की औषध डोळ्यातच राहतं, अंगात कमी जातं. दुसरं औषध असेल तर मधे किमान पाच मिनिटं जाऊ द्या. काही बाटल्या उघडेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायच्या असतात, मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात हे विसरू नका. हात थरथरत असेल तर घरातल्या कोणी एकाने ही जबाबदारी घ्यावी, नातवंडं हे काम हौसेने करतात.

रमजान, सजदा, प्रवास

रमजानमध्ये बरेच लोक दिवसाचे थेंब बंद ठेवतात, रोजा तुटेल या भीतीने. महिनाभर प्रेशर मोकळं सुटतं. हनफी मसलकात डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही, घशात चव जाणवली तरी. कोकणातले आपले बांधव ज्या शाफई मसलकाचे आहेत तिथेही डोळ्यातल्या औषधाने रोजा तुटत नाही. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ साली डोळ्यातले थेंब रोजा तोडणाऱ्या गोष्टींत येत नाहीत असा ठराव केला. घशात काही उतरू नये एवढी काळजी घ्यावी, असं त्यात म्हटलं आहे. वर सांगितलेला कोपरा दाबण्याचा उपाय इथेही कामी येतो. तरीही मन मानत नसेल तर आपल्या इमाम साहेबांना विचारा, आणि रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा. दिवसातून एकदाचा थेंब इशानंतर, दोनदाचा सहरी आणि इफ्तारला, असं बऱ्याचदा बसवता येतं. स्वतःच्या मनाने बंद करणं हा मार्ग नाही. आणखी एक: इफ्तारला एका दमात लिटरभर पाणी पिऊ नका. एकदम खूप पाणी प्यायल्याने डोळ्यातलं प्रेशर काही वेळ वाढतं. घोट घोट प्या.

सजद्याबद्दल आम्हाला हमखास विचारलं जातं. डोकं खाली गेलं की प्रेशर थोडं वाढतं आणि उठल्यावर पुन्हा खाली येतं. नेहमीच्या नमाजीसाठी डॉक्टर सहसा मनाई करत नाहीत. आजार फार पुढे गेला असेल तर विचारून घ्या. मात्र ऑपरेशननंतर काही आठवडे वाकणं आणि डोळ्यात पाणी जाणं टाळायचं असतं. त्या काळात खुर्चीवर नमाज आणि वुजूतली सवलत याबद्दल आलिमांकडून समजून घ्या. सुरमाही त्या डोळ्यात नको.

उमरा किंवा हजला जाताना थेंब हातातल्या बॅगेत ठेवा, एक बाटली जास्त घ्या, सोबत चिठ्ठी असू द्या. तवाफच्या गर्दीत बाजूचे धक्के दिसत नाहीत, म्हणून सोबत्याने ज्या बाजूची नजर कमी आहे त्या बाजूने चालावं.

घरात कोणाकोणाची तपासणी हवी

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने एकदा नस तपासून घ्यावी. मधुमेह, मोठ्या नंबरचा चष्मा, डोळ्याला जुना मार असेल तर आणखी काळजी हवी. सगळ्यात महत्त्वाचं, घरात एकाला काचबिंदू निघाला तर सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी झालीच पाहिजे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात रुग्णांच्या जवळच्या नातलगांपैकी सुमारे पाचातल्या एकाला आयुष्यात हा आजार होण्याचा धोका दिसला. आपल्याकडे मोठा भाऊ दवाखान्यात जातो आणि बाकी चौघे त्याला भेटायला येतात. त्या चौघांचेही डोळे तपासून घ्या.

मुलांचे डोळे उन्हाळ्यात खाजतात, लाल होतात, आणि मेडिकलवाला जे थेंब देतो त्यांनी लगेच आराम पडतो. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. महिनोन्महिने तेच घातल्याने शाळकरी मुलांनाही काचबिंदू होतो. चिठ्ठीशिवाय असे थेंब आणू नका. जन्मतः होणारा काचबिंदूही असतो. बाळाचे डोळे फार मोठे, पाणावलेले, उजेडात मिटणारे किंवा बुबुळ धुरकट दिसत असेल तर "किती सुंदर मोठे डोळे" म्हणत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा. हा प्रकार जवळच्या नात्यांतल्या लग्नांमध्ये जास्त आढळतो. चुलत-मावस भावंडांची लग्नं आपल्यात होतात, मामाच्या मुलीशी लग्न मराठवाड्यात इतर समाजांतही होतं. अशा घरांनी नवजात बाळाच्या डोळ्यांकडे जास्त लक्ष द्यावं.

तपासणी कुठे, कागद कोणते

शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजे आपली घाटी, इथे नेत्ररोग विभाग आहे. जालना, बीड, परभणीचे रुग्णही तिथेच येतात, त्यामुळे सकाळी लवकर जा. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास धूसर दिसतं, म्हणून सोबत कोणी तरी असावं. जुने सगळे रिपोर्ट एकाच फाईलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. काचबिंदूत आजची फील्ड टेस्ट मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवूनच डॉक्टरांना आजार वाढला की थांबला ते कळतं. ऑपरेशन लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आजार पुढे गेलेला असेल तर आणखी एक हक्क आहे, जो फार थोड्यांना माहीत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात फक्त तक्त्यावरची नजर मोजत नाहीत, नजरेची रुंदीही मोजतात. नजरेचा आवाका ४० अंशांपेक्षा कमी आणि १० अंशांपर्यंत राहिला असेल तर ती अल्पदृष्टी, आणि १० अंशांपेक्षाही कमी असेल तर अंधत्व मानलं जातं. मधली अक्षरं स्वच्छ दिसत असली तरीही. तेव्हा "तुम्हाला तर वाचता येतं, प्रमाणपत्र कसलं?" असं कोणी म्हटलं तर फील्ड टेस्टचा रिपोर्ट पुढे करा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरलं तर एसटी प्रवासापासून नोकरीतल्या आरक्षणापर्यंतच्या सवलती त्यावर मागता येतात.